तुम्ही विचारलंत म्हणून: चर्चच्या विद्यापीठाचा मालक कोण?

मी इंडियानातल्या नोटर डेम विद्यापीठात इतिहासात पीएच.डी. केली, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "ते कॅथलिकांचं ना? मग तिथे पोप सांगेल तसंच चालत असेल." परवा एका मुलीच्या वडिलांनी फोन करून हेच विचारलं. लेकीला तिथे प्रवेश मिळाला होता आणि त्यांच्या आवाजात काळजी होती. "नाही हो, तसं काही नसतं," एवढं सांगून मी फोन ठेवला आणि मग चुटपुट लागून राहिली. कारण खरं उत्तर "नाही" एवढंच नाही, आणि माझ्या मते ते फार सुंदर आहे.

१८४२च्या नोव्हेंबरात एडवर्ड सोरिन नावाचा अठ्ठावीस वर्षांचा फ्रेंच धर्मगुरू होली क्रॉस या कॅथलिक व्रतस्थांच्या संघाच्या काही ब्रदरांना, म्हणजे व्रत घेतलेल्या पण धर्मगुरू नसलेल्या सभासदांना, घेऊन बर्फात त्या जागी पोचला. जमीन ५२४ एकर, बिशपने दिलेली, पण अट घालून: दोन वर्षांत कॉलेज उभं करायचं. १५ जानेवारी १८४४ला इंडियाना राज्याच्या विधिमंडळाने सनद दिली, तीही थेट विद्यापीठाची. तेव्हा तिथे मूठभर मुलं होती आणि त्यातली बरीच शाळकरी. पैशांची ओढाताण तर अशी की १८५०मध्ये सोरिनने काही माणसांना कॅलिफोर्नियात सोनं शोधायला धाडलं. सोनं काही हाती लागलं नाही. विटा मात्र तिथल्याच मातीच्या: तळ्याकाठच्या चुनखडीच्या चिखलातून पाडलेल्या, फिकट पिवळ्या. जुन्या इमारतींच्या भिंतींवरून मी कितीदा तरी हात फिरवला आहे. कडा झिजून गोलसर झाल्यात, आणि उन्हं कलली की त्या विटांना सायीचा रंग चढतो.

२३ एप्रिल १८७९ला मुख्य इमारत जळून खाक झाली. सोरिन तेव्हा पासष्टचा. पुन्हा बांधायची आणि आधीपेक्षा मोठी बांधायची, असं त्याने ठरवलं आणि सप्टेंबरात नव्या इमारतीत वर्ग भरले. आज ज्या सोनेरी घुमटामुळे विद्यापीठ ओळखलं जातं, तो याच इमारतीचा.

आता मालकीकडे येते. पहिली सव्वाशे वर्षं उत्तर सरळ होतं: मालक होली क्रॉस संघ. संघातल्या माणसाची तीन व्रतं असतात: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. यातल्या पहिल्या व्रतावर विद्यापीठ तगलं, कारण शिकवणाऱ्या फादरांचा पगार घरी न्यायचा प्रश्नच नव्हता. गंगाजळी म्हणाल तर त्यांचं आयुष्य हीच. तिसऱ्या व्रतावर कारभार चालायचा. अध्यक्षाची, म्हणजे आपल्या भाषेत कुलगुरूची, निवड समिती करत नसे. वरिष्ठ नेमणूक करत आणि नेमलेल्याने कामाला लागायचं. अध्यक्ष हाच तिथल्या संघशाखेचा प्रमुखही असे, आणि चर्चच्या कायद्यात त्या पदाला सहा वर्षांची मर्यादा होती. म्हणजे माणूस कामात रुळतो न रुळतो तोच निरोप. १९५८मध्ये ही दोन पदं वेगळी केली, म्हणून १९५२ला अध्यक्ष झालेले फादर थिओडोर हेसबर्ग पस्तीस वर्षं त्या खुर्चीत राहू शकले.

पण आज्ञापालनाची दुसरी बाजूही होती. १९५४मध्ये विद्यापीठाच्या प्रकाशनाने एक लेखसंग्रह छापला. त्यातला जॉन कोर्टनी मरे या जेझुइट, म्हणजे दुसऱ्या एका कॅथलिक संघाच्या, धर्मगुरूचा धर्मस्वातंत्र्यावरचा लेख रोममध्ये, म्हणजे चर्चच्या मुख्यालयात, खटकला. पुस्तक मागे घ्या, असा दबाव आला, आणि तो आला संघाच्या वरिष्ठांमार्फत. हेसबर्ग बधले नाहीत. पण खाजगी व्रताची वाट धरून विद्यापीठाच्या पुस्तकापर्यंत हात पोचू शकतो, हे त्यांनी तेव्हा पाहिलं. पुढे जे झालं त्याचं बीज मला इथे दिसतं.

१९६०च्या दशकात बरंच काही एकदम जुळून आलं. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांना, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य श्रद्धावंतांना, चर्चच्या कामात मानाचं स्थान दिलं. १९६६मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने चर्चशी घट्ट बांधलेल्या काही कॉलेजांचं सरकारी अनुदान घटनाबाह्य ठरवलं, आणि देशभरच्या धार्मिक कॉलेजांना धडकी भरली. शिवाय विद्यापीठ इतकं वाढलं होतं की एका संघाच्या ताकदीवर ते पेलणं अवघड होतं. १९६७मध्ये होली क्रॉस संघाने विद्यापीठ आपल्या हातून सोडलं. विकलं नाही, नाइलाजाने गमावलंही नाही. रीतसर ठराव करून, रोमची संमती घेऊन, प्रापंचिकांचं बहुमत असलेल्या विश्वस्त मंडळाच्या स्वाधीन केलं. मंडळाचे पहिले प्रापंचिक अध्यक्ष होते शिकागोचे वकील एडमंड स्टीफन.

घरची कर्ती बाई एके दिवशी कमरेचा जुडगा काढून सुनेच्या हाती देते, तशी ही गोष्ट. पण एक किल्ली ठेवली, आणि ती कुठली ठेवली हे बघण्यासारखं आहे. विश्वस्तांच्या वर बारा 'फेलो' आहेत: सहा होली क्रॉसचे धर्मगुरू, सहा प्रापंचिक. रोजच्या कारभारात ते पडत नाहीत. विश्वस्त निवडणं, मूळ नियमावलीत बदल करणं आणि विद्यापीठाचं कॅथलिकपण सांभाळणं, एवढं त्यांच्याकडे. विद्यापीठाची मोठी मालमत्ता विकायची तर त्यांच्यातल्या दोन तृतीयांशांचा होकार लागतो. सहा-सहाची विभागणी असल्याने एका बाजूला एकटीने काही रेटता येत नाही. मी ही नियमावली ग्रंथालयात पहिल्यांदा वाचली तेव्हा थक्क झाले होते. सत्ता सोडताना हेतूची राखण कशी करावी, हे इतक्या कमी शब्दांत मांडलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

याचा प्रत्यक्षात फरक काय पडतो? २००९मध्ये विद्यापीठाने पदवीदान समारंभाला राष्ट्राध्यक्ष बराक ओबामांना बोलावलं. गर्भपाताबद्दलच्या त्यांच्या भूमिकेमुळे कॅथलिकांमध्ये वादळ उठलं. स्थानिक बिशप जॉन डार्सी समारंभाला गेले नाहीत, त्यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली. पण समारंभ झाला, ओबामांना मानद पदवीही मिळाली. बिशपचा शब्द वजनदार होता, पण तो आदेश नव्हता. याउलट वॉशिंग्टनचं कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिका थेट चर्चच्या अधिकाराखालचं. तिथल्या चार्ल्स करन या प्राध्यापकाला १९८६मध्ये व्हॅटिकनने थिऑलॉजी, म्हणजे ईश्वरशास्त्र, शिकवायला अपात्र ठरवलं. ते कोर्टात गेले आणि १९८९मध्ये हरले. दोन्ही विद्यापीठं एकाच चर्चची, पण कारभाराची रचना वेगळी. म्हणून कोणी मला "चर्चचं विद्यापीठ कसं असतं?" असं विचारलं की मी आधी उलट विचारते: त्याची नियमावली काय म्हणते?

एक गोष्ट मला आजही खटकते. नोटर डेमचा अध्यक्ष होली क्रॉसच्या अमेरिकन प्रांताचा धर्मगुरूच असावा लागतो. २०२४मध्ये आलेले फादर रॉबर्ट डाउडही त्याच संघाचे. आणि कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरू फक्त पुरुषच होतो. म्हणजे १९७२पासून तिथे पदवीला मुली शिकतात, पण त्यांच्यापैकी कोणीही, कितीही लायक असली तरी, अध्यक्ष होऊ शकत नाही. संघात येणारे तरुण कमी झाले तर निवड आणखी आखडेल. ही अट बदलावी असं मला मनापासून वाटतं, आणि ती बदलायची तर त्या बारा जणांनीच, हेही मला ठाऊक आहे.

मुलीच्या वडिलांसाठी थोडं: पदवीच्या मुलांना थिऑलॉजीचे दोन कोर्स करावे लागतात, वसतिगृहांत प्रार्थनागृह असतं. तिथे जायची सक्ती नाही. मी हिंदू घरातली. तिथे असताना माझ्या प्रबंधातल्या एका शब्दालाही कोणी धर्माच्या नावाने हात लावला नाही.

तिथल्या हिवाळ्यात मी तळ्याकडून सेंट मेरीज कॉलेजच्या रस्त्याने चालायला जायचे. वाटेत संघाची दफनभूमी लागते. दगडी क्रूस रांगेने, सगळे एका उंचीचे, एका घडणीचे. सोरिनचा तसाच, स्वयंपाकघरात राबलेल्या ब्रदरचाही तसाच. हेसबर्ग २०१५मध्ये वारले. नंतर एकदा मी परिषदेसाठी तिथे गेले होते, तेव्हा मुद्दाम त्यांचा क्रूस शोधायला गेले. वेगळा दिसेल या समजुतीने दोनदा त्याच्यासमोरून पुढे गेले, मग एकेक नाव वाचत परत आले तेव्हा सापडला.