थीम पार्कमधील विसाव्याच्या जागा : माझा अनुभव

थीम पार्कमध्ये बसायला जागा शोधण्याची वेळ येते, तेव्हा ती शोधण्याचे त्राणच अंगात उरलेले नसते, हे मला पहिल्याच दिवशी कळले. आमच्याकडे दोन दिवसांची तिकिटे होती आणि सोबत गुडघेदुखी असलेली माझी आई व सात वर्षांची मुलगी होती. सकाळी प्रवेशद्वार उघडल्यापासून आम्ही एका राइडवरून दुसऱ्या राइडकडे जात राहिलो. दुपारी दीडच्या सुमारास मुलगी भर रस्त्यात रडू लागली, तेव्हा आजूबाजूचे एकही बाक रिकामे नव्हते. आई एका वाफ्याच्या कठड्यावर कशीबशी टेकली. पण तिथे सावली नव्हती आणि जवळच्या खांबावरील ध्वनिक्षेपकाचे संगीत क्षणभरही थांबत नव्हते. संध्याकाळची रोषणाई न पाहताच आम्ही परतलो. आई मुख्यतः त्यासाठीच आली होती, म्हणून मला फार वाईट वाटले.

त्या रात्री मी नकाशा पुन्हा उघडला. तोवर त्यात मी केवळ राइड पाहिल्या होत्या. आता वाटा पाहू लागले. मध्यभागी चौक आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारखे फुटणारे रस्ते, अशी त्या उद्यानाची रचना होती. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या डिस्नेलँडची मांडणी अशीच आहे आणि पुढे अनेक उद्यानांनी ती स्वीकारली. अशा रचनेत वाट चुकण्याची भीती कमी असते हे खरे, परंतु त्यामुळेच सगळी गर्दी पुन्हा पुन्हा त्याच चौकातून जाते, आणि आम्ही आदल्या दिवशी नेमके तिथेच बाक शोधत होतो. मी पेन्सिलीने वेगळ्या जागांवर खुणा केल्या : जिथून पुढे कुठेही जाता येत नाही अशा वाटा, दोन विभागांना मागच्या बाजूने जोडणारे रस्ते, आणि तळ्याची लोकप्रिय राइडपासून दूर असलेली कड.

दुसऱ्या दिवशी आम्ही साडेअकरालाच जेवायला बसलो. भूक तेवढी लागलेली नव्हती, पण उपाहारगृहाच्या वरच्या मजल्यावर खिडकीजवळचे टेबल मिळाले आणि बाराच्या पुढे खाली रांग लागली तेव्हा आम्ही उठत होतो. भर दुपारचा वेळ आम्ही नाट्यगृहात घालवला. बसून पाहण्याच्या प्रयोगांना मी पूर्वी कमी लेखत असे, आणि ते चुकीचे होते. सुमारे वीस मिनिटे गार हवेत, अंधुक प्रकाशात, पाठ टेकून बसता येते, आणि एका मोठ्या सभागृहात शेकडो माणसे एकदम सामावत असल्यामुळे बाहेर फारसे थांबावेही लागत नाही. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी तयार झालेला आणि १९७५ पासून फ्लोरिडात असलेला ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’ हा याच जातीचा प्रयोग आहे. तिथे तर रंगमंच स्थिर राहतो आणि प्रेक्षकांच्या खुर्च्याच त्याच्याभोवती फिरतात. उद्यानाला फेरी मारणाऱ्या आगगाडीचाही आम्हांला असाच उपयोग झाला. आईच्या पायांना विसावा मिळाला आणि मुलीला मात्र आपण राइडमध्येच आहोत असे वाटत राहिले.

खुणा केलेल्या सगळ्याच जागा उपयोगी ठरल्या नाहीत. एक आडवाट थेट उपाहारगृहाच्या मागच्या दाराशी संपत होती आणि तिथे यंत्रांचा घरघराट होता. तळ्याकाठची जागा मात्र अपेक्षेपेक्षाही चांगली निघाली : दाट झाडी, तीन बाके, आणि ध्वनिक्षेपकाचा आवाज जेमतेम ऐकू येईल इतके अंतर. सावलीपेक्षाही हे अंतर महत्त्वाचे, असे माझे ठाम मत झाले आहे, कारण मुलगी उन्हापेक्षा सततच्या आवाजाने अधिक थकत होती. परेड सुरू असताना तर तिथे आमच्याशिवाय कोणीच नव्हते. पुढे आईचा गुडघा दुखू लागला तेव्हा मी एका कर्मचाऱ्याला शांत जागेविषयी विचारले. त्यांनी आम्हांला प्रथमोपचार कक्षात नेले आणि आईला तिथे अर्धा तास आडवे होता आले. कक्ष नकाशावर होता, परंतु जखम झाल्याशिवाय तिथे जायचे नसते, अशी माझी समजूत होती. शेजारीच तान्ह्या बाळांसाठी वेगळी खोली होती.

रोषणाई आम्ही पूर्ण पाहिली. ती संपताच सगळे लोक एकाच वेळी प्रवेशद्वाराकडे निघाले, आणि आम्ही मात्र ठरवून बाकावर बसून राहिलो. मुलगी आईच्या मांडीवर झोपली होती. अर्ध्या तासाने उठलो, तेव्हा चौकातून आईला तिच्या चालीने चालता येईल इतका रस्ता मोकळा झाला होता.