आजची शिक्षण परिषद
आज जालन्याकडच्या एका केंद्रात शिक्षण परिषदेला (आजूबाजूच्या शाळांच्या मास्तरांची बैठक) गेले होते, विषय होता जातीवरून धर्मावरून पोरांना चिडवलं तर मास्तरांनी काय करायचं. आधी सगळे म्हणले आमच्याकडं असलं काही नाही मॅडम, पोरं एकाच पंगतीला खिचडी खातात. मग चहा झाला अन् एक सर हळूच बोलले, वर्गात काही हरवलं की सगळी पोरं पारध्याच्या पोराच्या दप्तराकडं बघतात, अन् खरं सांगायचं तर आम्ही पण. मग कुणी थांबेचना. स्कॉलरशिपच्या फॉर्मला भर वर्गात "एससीवाले उभे रहा" म्हणतात, मॅचच्या दुसऱ्या दिवशी मुसलमान पोराला काय काय ऐकावं लागतं ते तर विचारूच नका.

मी काही लेक्चर झाडलं नाही (पीपीटी होती पण लाईट गेली, बरंच झालं). ठरलं असं की शिवी कानावर आली की तिथंच थांबवायचं, पण ज्याला बोलले त्याला सगळ्यांसमोर खोदून विचारायचं नाही, नंतर बाजूला घेऊन बोलायचं, अन् बोलणाऱ्याला छडी नाही, शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं मारणं अन् मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, ते "उभे रहा" पण माझ्या मते त्यातच बसतं. असं काही घडलं की वहीत नोंद करायची म्हणलं तर हेडसरांना ते जिवावर आलं, शाळेचं नाव खराब होईल म्हणे, त्यावरच लई वेळ गेला. शेवटी तारीख, काय बोललं, काय केलं एवढ्या तीन रकान्यांवर तयार झाले. स्कॉलरशिपचे फॉर्म आता एकेका पालकाला बोलवून भरणार आहेत. पुढच्या महिन्यात वही बघायला जाणार आहे मी.