पाऊस तेवढाच, वन मात्र निराळे: येऊरच्या जंगलातील एक सकाळ

ठाण्यात वर्षाकाठी साधारण २५०० मिलिमीटर पाऊस पडतो. ॲमेझॉनच्या वर्षावनाच्या ऐन मध्यावर वसलेल्या मनाउस शहरात तो २३०० मिलिमीटरच्या आसपास असतो. पावसाच्या बाबतीत आपण असे तोडीस तोड असूनही आपल्या येऊरचे जंगल वर्षावन नाही, ते आर्द्र पानझडी वन आहे. हा फरक कोणता घटक घडवतो, याचे उत्तर पुस्तकात सापडते. पण ते पायाखालच्या मातीत आणि डोक्यावरच्या पानांत कसे दिसते हे पाहावे, म्हणून श्रावण सरत असताना मी येऊर गाठले.

उपवन तलाव मागे टाकून घाटरस्त्याने वर चढू लागले की शहराचा गलबला हळूहळू विरतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे आणि त्याची ठाण्याकडील बाजू म्हणजे येऊर. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून मी आत शिरले. सोबतीला पाड्यावरचे एक वारली काका होते. त्यांचे सारे आयुष्य याच डोंगरात गेलेले, त्यामुळे वाटेवरचे प्रत्येक झाड ते नावानिशी ओळखत होते.

डांबरी रस्ता सोडून झाडीत शिरताच सर्वांत आधी बदलतो तो उजेड. ऐन, कळम, साग, हेदू यांच्या पानांनी या दिवसांत वरचे छत जवळजवळ मिटवून टाकलेले असते. हवा दमट आणि अंगाला चिकटणारी असते, पण उन्हाचा चटका मात्र लागत नाही. प्रकाश, तापमान, आर्द्रता, माती, खडक आणि पाणी हे परिसंस्थेचे अजैविक घटक आणि झाडे, प्राणी, कीटक, बुरशी, जीवाणू हे जैविक घटक, अशी विभागणी आपण शाळेत शिकतो. जंगलात चार पावले चालले की ती पुसट होऊ लागते, कारण मला मिळणारा तो मंद उजेड निम्मा आकाशाने आणि निम्मा सागाच्या पानांनी ठरवलेला होता. खऱ्या वर्षावनात तर छत इतके दाट असते की वरच्या प्रकाशापैकी जेमतेम एक-दोन टक्के प्रकाश जमिनीपर्यंत पोहोचतो आणि तेथील रोपे एखादे जुने झाड कोसळून वर खिंडार पडेपर्यंत वर्षानुवर्षे खुरटलेल्या अवस्थेत थांबून राहतात. येऊरच्या रोपांना अशी वाट पाहावी लागत नाही. माघ-फाल्गुनात पानगळ झाली की ऊन थेट जमिनीवर येते. प्रश्न असतो तो त्या वेळी पाणी नसण्याचा.

वाटेतल्या एका तिरप्या झाडाच्या खोडावर बाशिंग वाढलेले होते. ही नेची (फर्न) मला फार प्रिय आहे, म्हणून तिच्यापाशी बराच वेळ थांबले. तिला दोन प्रकारची पाने असतात. वरची लांब, हिरवी, कातरलेली पाने अन्न तयार करतात. खोडाला बिलगलेली आखूड, तपकिरी, कागदासारखी पाने मात्र वरून गळणारा पालापाचोळा आणि पाणी अडवून धरतात. मी त्या तपकिरी पानांच्या बेचक्यात बोट घातले, तर आत ओलसर, काळी, भुसभुशीत माती होती आणि त्या मातीत मुंग्यांची धावपळ चालू होती. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर या वनस्पतीने स्वतःची जमीन तयार केली होती. वर्षावनात अशा झाडांवर वाढणाऱ्या वनस्पतींची, म्हणजे आमरी (ऑर्किड), नेचे आणि शेवाळांची, अक्षरशः दाटी असते, कारण तेथील हवा बाराही महिने ओली असते. येऊरमध्ये ही चैन चार महिन्यांचीच. दिवाळीनंतर बाशिंगाची हिरवी पाने वाळू लागतात आणि जाडजूड केसाळ खोड तेवढे जिवंत राहते.

सागाच्या रानात पोहोचलो तेव्हा काकांनी वर बोट दाखवले. कित्येक पानांची चाळण झालेली होती. एक पान उचलून पाहिले, तर शिरांचे जाळे जसेच्या तसे आणि त्यांमधला हिरवा गर नाहीसा. पानाच्या मागे रेशमी धाग्यांच्या विरळ पडद्याआड बोटाच्या पेराएवढी हिरवट अळी बसलेली होती. पावसाळ्याच्या उत्तरार्धात या अळ्या सागावर तुटून पडतात. पाहणाऱ्याला रोग वाटावा असा हा प्रकार असला, तरी सागाने पावसाळ्याची बरीचशी कमाई तोवर करून घेतलेली असते. अळ्यांची विष्ठा खाली पडून नत्र मातीत परत जाते, विरळ झालेल्या पानांतून खालच्या झुडपांना थोडा अधिक उजेड मिळतो, आणि पाखरांना पिल्लांच्या चोचीत घालायला मुबलक खाऊ मिळतो. जवळच दोन झाडांच्या मध्ये मोठ्या काळ्या-पिवळ्या कोळ्याचे सोनेरी झाक असलेले जाळे ताणलेले होते. त्या अळ्यांपासून होणाऱ्या पतंगांची तेथे आधीच सोय झालेली दिसत होती.

जमिनीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण वर्षावनाविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज तिथेच आहे. इतके घनदाट रान म्हणजे माती सुपीक असणार, असे कोणालाही वाटेल. ॲमेझॉनच्या बऱ्याच भागात परिस्थिती उलटी आहे. लक्षावधी वर्षांच्या पावसाने तेथील मातीतील क्षार धुऊन नेले आहेत आणि वनाची श्रीमंती मातीत नसून खोडांत, पानांत आणि मुळांत साठलेली आहे. पान गळले की उष्णता आणि ओलावा यांच्या जोरावर बुरशी व जीवाणू ते झपाट्याने कुजवतात, आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशी त्यातले स्फुरद (फॉस्फरस) मातीत मुरण्याआधीच झाडाकडे पोहोचवते. तरीही थोडी गळती होतेच. ती भरून येण्याचा एक मार्ग थक्क करणारा आहे: उपग्रहांच्या निरीक्षणांवर आधारलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार सहारा वाळवंटातून वाऱ्याबरोबर अटलांटिक ओलांडून येणाऱ्या धुळीतून ॲमेझॉनला दरवर्षी सरासरी सुमारे २२,००० टन स्फुरद मिळते. एका खंडाच्या उजाड वाळवंटावर दुसऱ्या खंडातील सर्वांत हिरवे रान काही अंशी पोसले जाते, याहून अजैविक घटकाचे महत्त्व अधिक ठळकपणे कशाने कळेल?

येऊरच्या मातीचा वंश वेगळा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झालेला काळा कातळ झिजून ती बनली आहे. उतारावर तिचा थर पातळ असून तो जागेवर धरून ठेवण्याचे काम कारवीची दाट झुडपे करतात. सात-आठ वर्षांतून एकदा फुलणारी ही कारवी वारल्यांच्या घरांच्या कुडाच्या भिंतींनाही उपयोगी पडते. पालापाचोळ्याचे चक्रही येथे बाराही महिने फिरत नाही. उन्हाळ्यात सुका पाचोळा घोट्याएवढा साचतो, कुजण्याची क्रिया जवळजवळ थांबते आणि वणव्याचे भय निर्माण होते; मृगाच्या सरी आल्या की थांबलेले काम एकदम सुरू होते. आम्ही पाहिलेल्या एका पडलेल्या ओंडक्यावर पांढऱ्या भुईछत्र्यांची रांग होती, सालीखाली वाळवीची माती होती आणि वाणू निवांत चरत होते.

"ताई, शेवळं बघायची तर वळवाच्या पावसात यायला पाहिजे. आता कुठली?" काका म्हणाले. ठाण्याच्या बाजारात मे-जूनमध्ये काकडाच्या फळांसोबत मिळणारी शेवळे ही रानभाजी म्हणजे या हवामानाशी जमवून घेण्याचा नमुनाच आहे. जमिनीखालच्या कंदात अन्न साठवून ही वनस्पती आठ कोरडे महिने काढते आणि पहिल्या ओलाव्याबरोबर, पाने फुटण्याच्याही आधी, तिचा फुलोरा वर येतो. रानहळदही कंदाच्याच भरवशावर जगते. मनाउसला सर्वांत कोरड्या महिन्यातही पाऊस येऊन जातो, त्यामुळे तेथील बहुसंख्य झाडांना एकदम पाने टाकण्याची गरज पडत नाही. शिवाय तेथील पावसाचा मोठा वाटा झाडांनीच बाष्परूपाने हवेत सोडलेल्या पाण्याचा असतो. आपला पाऊस समुद्रावरून येतो आणि अश्विनात परततो. माझ्या मते येऊरचा खरा शिल्पकार पावसाचे प्रमाण हा नसून पावसाचे वेळापत्रक हा आहे.

ओढ्याकाठच्या उंबरापाशी हे विशेष जाणवले. बुंध्यालगत फळांचे घोस होते आणि फोडलेल्या फळातून चिलटांसारख्या दिसणाऱ्या बारीक गांधीलमाश्या बाहेर आल्या. उंबराचे परागीभवन याच माश्या करतात आणि उंबराखेरीज त्यांची पैदास होत नाही. ओढ्याची ओल धरून राहणारे हे झाड टंचाईच्या दिवसांतही फळते आणि वटवाघळे, वानरे, धनेश यांना त्याचा आधार होतो.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. डोंगरावरच्या बंगल्यांचे आणि खालच्या शहराचे दिवे रात्रभर जळतात, आणि काळोख हाही या जंगलाचा एक अजैविक घटक आहे हे आपल्या गणतीतच नसते. एकमेकांना प्रकाशाच्या खुणा करणाऱ्या काजव्यांना आणि चंद्र-ताऱ्यांच्या उजेडात वाट काढणाऱ्या पतंगांना त्याची किंमत मोजावी लागते. निदान राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेलगत तरी झाकलेले, जमिनीकडे वळवलेले आणि मध्यरात्रीनंतर बंद होणारे दिवे सक्तीचे व्हावेत असे मला मनापासून वाटते.

येऊरला जाणार असाल तर सकाळी लवकर निघावे, नाक्यावर रीतसर परवानगी घ्यावी आणि शक्यतो पाड्यावरचा एखादा माणूस सोबत घ्यावा. मुख्य म्हणजे पावसाळ्यात पाहिलेली तीच वाट फाल्गुनात पुन्हा चालावी. त्या वेळी पळस आणि काटेसावर बिनपानांच्या फांद्यांवर फुललेले असतात आणि ओढ्यात पाणी कुठे शिल्लक आहे, हे पाखरांच्या गर्दीवरून सहज कळते.