कचऱ्यासकट

पोळ्यापासून आमचा संगणक टकटक करत होता. बाबांच्या मते आत उंदीर शिरला होता. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याने डब्याला कान लावला आणि निदान सांगितलं, ‘डिस्क चालली हो. जायच्या आधी घोस्ट मारून ठेवा.’

अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, एका जागी काढून ठेवणारा हा घोस्ट नावाचा प्रोग्राम मरे हॅझर्ड नावाच्या माणसाने १९९५ साली न्यूझीलंडमध्ये लिहिला. तो आता फारसा कोणी वापरत नाही, पण झेरॉक्ससारखं त्याचं नाव धंद्याला चिकटून राहिलं. घरी येऊन मी बाबांना म्हटलं, संगणकाचं भूत काढायचं आहे. ‘मंग अमुशा पाहून घे,’ ते म्हणाले.

पण मी आधी शहाणपणा केलाच. फोटो, पोरांच्या मार्कशीटा, सातबारा, पीककर्जाचे कागद, सगळं पेनड्राइव्हवर घेतलं आणि भावाच्या लॅपटॉपवर नेऊन टाकलं. सगळं नीट उघडलं. उघडली नाही ती बाबांची यादी.

ही यादी म्हणजे आमचं जुनं गाव. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण झालं, त्यात ते गेलं. त्या पाण्याला नल-दमयंती सागर असं मोठं काव्यमय नाव आहे. आमचा वाडा त्या काव्याच्या तळाशी आहे. कोणाच्या घराला लागून कोणाचं घर, कोणाच्या दारात कडुनिंब, कोणाच्या विहिरीचं पाणी मचूळ, असं बाबांनी आळीवार सांगितलं आणि मी टाइप केलं. तेव्हा युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी नीट दिसावी अशी अक्षरांची पद्धत, हा शब्दही आमच्यापर्यंत पोचला नव्हता. जो मराठी फॉन्ट संगणकात होता, त्यात लिहिलं. भावाच्या लॅपटॉपवर तो नव्हता, म्हणून अख्खी माळीपुऱ्याची आळी इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन पडली. फॉन्टची सीडी कुठे गेली, ते आता त्या उंदरालाच माहीत.

तेव्हा लक्षात आलं, सरकारनेही आमच्या गावाच्या फायलीच उचलल्या होत्या. घरं मोजली, विहिरींचे पैसे दिले, मारुतीला वाजतगाजत नव्या गावठाणात आणलं. यादीप्रमाणे काहीच राहिलं नाही. फक्त प्लॉट नंबराने मिळाले. आमच्या दोन चुलत आज्यांचं एका भिंतीवरून वीस वर्षं पटत नव्हतं. एक आली पहिल्या गल्लीत, एक शेवटच्या. भांडणच बंद झालं. दोघीही त्यानंतर खंगल्या. अबोला धरायला समोर कोणी दिसावं तर लागतं!

डिस्कची प्रतिमा काढणारा प्रोग्राम या बाबतीत अडाणी असतो, आणि तेच बरं. ही फाइल कामाची, ती बिनकामाची, असं तो विचारत नाही. संगणक सुरू करून देणारा भाग, विंडोज, तो हरवलेला फॉन्ट, डिस्कचे पाडलेले हिस्से, सगळं जागच्या जागी उचलतो. फक्त रिकाम्या जागा सोडून देतो. मी क्लोनेझिला घेतलं. तैवानमध्ये तयार होतं आणि फुकट आहे. ते पेनड्राइव्हवरून सुरू करायचं, म्हणजे विंडोज झोपलेलं राहतं आणि कापाकापी चालू असताना हातपाय हलवत नाही. पडद्यावर नुसती अक्षरं. तुमची डिस्क तिथे ‘एसडीए’, प्रतिमा ठेवायची दुसरी डिस्क ‘एसडीबी’. कशाची प्रतिमा काढून कुठे ठेवायची, यात अदलाबदल झाली की गाव पुन्हा पाण्याखाली. मी चष्मा पुसून तीनदा आकडे वाचले.

पहिल्या रात्री साठ टक्क्यांवर लाइन गेली. यूपीएस दोन मिनिटं केकाटला आणि गप्प झाला. अर्धी प्रतिमा कशाच्याच कामाची नसते, ती पुसून टाकली. दुसऱ्या रात्री पंपाची लाइन आमच्या वाटणीला होती. गडी हरभऱ्याच्या ओलिताला गेला, मी टक्क्यांच्या राखणीला बसलो. पहाटे दोघेही मोकळे झालो. १४० जीबीचा पसारा दाबून ८० जीबीत बसला होता.

आता तो परत उलगडतो का, हे पाहिल्याशिवाय सगळं व्यर्थ. अमरावतीहून नवी एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी डिस्क, आणली. जुनी डिस्क ५०० जीबीची, ही ४८० ची. आपला माल तर १४० च आहे, मावेल की, असा माझा हिशेब. क्लोनेझिलाने साफ नाही म्हटलं: नवी जागा निदान जुनीएवढी पाहिजे. बाबा मागे उभे होते. ‘पाह्य, यायले तरी समजते,’ म्हणाले. आमच्या वाड्याच्या बदल्यात किती बाय कितीचा प्लॉट मिळाला, ते मग त्यांनी मला पुन्हा एकदा ऐकवलं. दुसऱ्या दिवशी दुकानदाराच्या पाया पडून ती डिस्क बदलून घेतली. ५१२ ची आणली.

प्रतिमा परत टाकताना ते दोनदा विचारतं, या डिस्कवरचं सगळं जाईल, चालेल का? कोऱ्या डिस्कवर काही नव्हतं, तरी बोट थरथरलं.

संगणक सुरू झाला. टकटक नाही. पण पडदा तोच: वेडीवाकडी मांडलेली चिन्हं, पोराने कधीतरी लावलेलं ट्रॅक्टरचं चित्र, गेल्या वर्षीचं ‘नंतर पाहू’ नावाचं फोल्डर. यादी उघडली. अक्षरं धड होती. बाबांनी बोट ठेवून माळीपुरा वाचून काढला, पाटलाच्या विहिरीपाशी थोडे थांबले, मग पुढे सरकले. शेवटी त्यांचं बोट कोपऱ्यात गेलं.

‘हा डबा कायचा?’

‘कचरापेटी.’

‘थे बी भरेलच आणली काय बावा?’

भरलेलीच होती. मला लाज वाटली, रिकामी करायला मी माउस तिकडे नेला.

‘थांब न. पाहू तर दे काय काय हाय त्यात.’

दुपारचं जेवण त्या दिवशी चार वाजता झालं.