दासाची दोन वाक्यं

आमच्या फोंड्याकडच्या गावात देवळाच्या उत्सवाला पौराणिक नाटक ठरलेलं, आणि भाला धरून उभं राहायचं काम माझ्याकडे ठरलेलं. 'आज्ञा महाराज' म्हणायचं नि आत जायचं. अकरा वर्षं हेच केलं. गेल्या वर्षी वस्त्रहरणातला दास झालो, तेव्हा वाटलं, हा माणूस मूळ महाभारतात आहे तरी का ते बघावं. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेलो.

आहे! सभापर्व, भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत ६० वा अध्याय. प्रातिकामी म्हणतात त्याला. विदुर नकार देतो म्हणून दुर्योधन याला धाडतो. सिंहाच्या गोठ्यात कुत्रं शिरावं तसा तो द्रौपदीपाशी जातो. ती त्यालाच उलट पाठवते : आधी स्वतःला हरलास की मला, विचारून ये. युधिष्ठिर गप्प. हा पुन्हा जातो, पुन्हा येतो. तिसऱ्यांदा पाय उचलत नाही. भर सभेत विचारतो, कृष्णेला मी सांगू काय? हा भीमाला भितो, असं म्हणून दुर्योधन दुःशासनाला उठवतो. आमचा माणूस तिथे संपला.

त्याचं स्वगत लिहायला बसलो. पहिला खर्डा भयंकर. माझा प्रातिकामी धर्मावर प्रवचन झोडत होता, वर कुरुक्षेत्रात काय होणार तेही त्याला ठाऊक. आमचे दिग्दर्शक काका म्हणाले, "अरे, हा नोकर की कीर्तनकार?"

मग ठरवलं, त्याच्या कानावर पडलं नाही ते त्याला माहीत नाही. अर्धी पानं गळाली. उरली फक्त सभेपासून तिच्यापर्यंतची वाट. पण खरी गंमत तिथेच होती. तिने रागाने म्हटलेलं 'हरलास' राजाला तसंच सांगायचं, की 'हरलात' करायचं? या एका अक्षरावर माझे चार दिवस गेले. शेवटी तो वाटभर 'हरलात' घोकतो आणि सभेत तोंडून 'हरलास'च निघतं.

तालमीत तिसऱ्या खेपेला मी अडखळलो. घरी आम्ही कोंकणी बोलतो, मराठी रंगभूमीवरची. घाबरून तोंडातून आलं, "हांव तिका कितें सांगूं?" प्रॉम्प्टर वाक्य सुधारायला लागला. काका म्हणाले, "राहू दे."

नाटकाचे कपडे-सामान पुरवणाऱ्या ड्रेपरीवाल्याने यंदाही तोच भाला दिलाय. निरोप घेऊन पळताना तो पायात येतो, म्हणून मी तो विंगेतच टेकवून ठेवतो.