कळफलकाच्या ओळीत मावणारे लांब इंग्रजी शब्द : तिसऱ्या महिन्याची नोंद

ठरावीक अक्षरांत मावणारे लांब शब्द शोधण्याच्या माझ्या छंदात या महिन्यात कोणती अक्षरे चालतील हे मी ठरवले नाही; ते कळफलकावर सोपवले. वरच्या ओळीतली दहा अक्षरे, मधल्या ओळीतली नऊ, डाव्या हाताची पंधरा आणि उजव्या हाताची अकरा असे चार संच घेतले आणि प्रत्येक संचात बसणारा सर्वांत लांब इंग्रजी शब्द शोधायचा असे ठरवले. टायपिंगच्या क्लासात शिकवतात तीच हातांची वाटणी मी मानली आहे, म्हणजे टी, जी, बी डावीकडे आणि वाय, एच, एन उजवीकडे. जोडरेघ असलेले शब्द आणि विशेषनामे बाद केली आहेत.

पहिले चार दिवस फुकट गेले. शब्दाच्या आरंभापासून अंतापर्यंत फक्त हीच अक्षरे हवीत, अशी अट घालून मी संगणकावरची शब्दयादी चाळत होते आणि उत्तर प्रत्येक वेळी शून्य येत होते. ती यादी विंडोजच्या पद्धतीने जतन केलेली असल्यामुळे प्रत्येक शब्दाच्या मागे एक न दिसणारे चिन्ह चिकटले होते, आणि त्या चिन्हामुळे एकही शब्द अटीत बसत नव्हता, हे ध्यानात यायला चार संध्याकाळी लागल्या. नव्याने या छंदात येणाऱ्यांनी ‘टाइपरायटर’ हा शब्द सापडतो की नाही, एवढे आधी तपासावे. तो सापडला नाही, तर दोष यादीत किंवा अटीत आहे, इंग्रजीत नाही.

वरच्या ओळीचा हा शब्द सर्वांनाच ठाऊक असतो. त्यात दहा अक्षरे आहेत. १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने संशोधक शोल्स यांचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले, तेव्हा विक्रेत्यांना गिऱ्हाइकासमोर ‘टाइपरायटर’ हा शब्द झटकन उमटवून दाखवता यावा म्हणून ही अक्षरे एका ओळीत बसवली, अशी कथा नेहमी सांगितली जाते. कथा गोड आहे, पण तिला पुरावा नाही. शिवाय परपेच्युइटी, प्रोप्रायटर आणि रेपर्टवार हेही शब्द त्याच ओळीतले आणि दहाच अक्षरांचे आहेत, आणि ते कोणाच्या सोयीसाठी तिथे बसवले असे कोणी म्हणत नाही. अकरा अक्षरांचा ‘रप्चरवर्ट’ मला जुन्या कोशात मिळाला. पूर्वी हर्नियावर गुणकारी मानली जाणारी ही एक लहान वनस्पती आहे. देवनागरीत शब्दाचे स्पेलिंग झाकले जाते, म्हणून अक्षरे सुटी लिहिते: आर-यू-पी-टी-यू-आर-ई-डब्ल्यू-ओ-आर-टी. बारा अक्षरांचा ‘टीटरटॉटर’, म्हणजे मुलांचा सीसॉ, हाही याच ओळीत बसतो. परंतु तो सहसा जोडरेघेने लिहिला जात असल्यामुळे माझ्याच नियमाने मला तो सोडावा लागला, आणि त्याचे मला अजून वाईट वाटते.

दहा-अकरा अक्षरांवर गाडी का अडते, याचा विचार करताना या महिन्यातली खरी गोष्ट हाती लागली. आजवर मी शब्द आरंभाकडून शोधत होते. शोधायला हवा होता तो शेपटाकडून. इंग्रजी शब्द लांबतो तो बहुतेक वेळा प्रत्ययांमुळे, आणि वरच्या ओळीत एस नाही, एन नाही, डी, जी, एल नाहीत. म्हणजे अनेकवचन गेले, ‘इंग’ गेले, ‘एड’ गेले, ‘नेस’ आणि ‘ली’ही गेले. उरतात ते ‘ईआर’, ‘ओआर’, ‘आयटीवाय’ यांसारखे आखूड प्रत्यय. ‘टाइपरायटर्स’ असे नुसते अनेकवचन करायचे म्हटले तरी बोट मधल्या ओळीत उतरते.

मधल्या ओळीत एस आहे, डी आहे, पण स्वर एकटा ए. ए-एस-डी-एफ-जी हा क्लासातला पहिला धडा. त्याच ओळीची शब्दसंपत्ती सर्वांत तुटपुंजी निघावी, याची गंमत वाटली. तिथे अल्फाल्फा मिळतो, ज्याला आपले शेतकरी लसूणघास म्हणतात, आणि ज्यूंच्या वल्हांडणाच्या रात्री वाचल्या जाणाऱ्या ग्रंथाचे नाव ‘हगादा’ मिळते, ज्याच्या स्पेलिंगमध्ये आठ अक्षरे आहेत. खालच्या ओळीत एकही स्वर नाही, त्यामुळे तिकडे मी वेळ घालवला नाही.

डाव्या हाताकडे ए आणि ई हे स्वर आहेत, शिवाय एस, डी, आर, टी आहेत, त्यामुळे शेपटांची चंगळ होते. स्ट्युअर्डेसेस, रिव्हर्बरेटेड आणि डीसेग्रिगेटेड या तिघांत प्रत्येकी बारा अक्षरे आहेत आणि तिघांचाही शेवट अनेकवचनाने किंवा भूतकाळाने झाला आहे. हे तीन शब्द माझ्या पहिल्या यादीत नव्हतेच, कारण ती १९३४ च्या वेबस्टर कोशावरून केलेली आहे आणि तिच्यात मुख्यतः मूळ रूपेच आहेत. ते मिळाले ते शब्दखेळांसाठी केलेल्या दुसऱ्या यादीत. चौदा अक्षरांचा ‘आफ्टरकॅटरॅक्ट्स’ हा नेत्रवैद्यकातला शब्द सध्या माझ्या वहीत पहिल्या क्रमांकावर आहे.

उजव्या हाताला ई, ए, एस, डी, टी, आर यांपैकी काहीच मिळत नाही. तिथे मला आवडलेले दोन्ही शब्द अकरा अक्षरांचे आहेत. ‘हायपोलिम्निऑन’ म्हणजे खोल तळ्याच्या तळाशी असलेला थंड पाण्याचा थर. ‘किनिकिनिक’ हे उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी लोकांच्या धूम्रपानाच्या मिश्रणाचे नाव. ते के-आय-एन-एन-आय-के-आय-एन-एन-आय-के असे लिहिले, तर उलटे वाचूनही तेच राहते; एका हाताने लिहिता येणारा आणि दोन्ही बाजूंनी वाचता येणारा शब्द मिळाल्यावर त्या दिवशी मी आणखी काही शोधले नाही.

शेपटाचा हा विचार पारखण्यासाठी महिन्याच्या शेवटी पाचवी अट घेतली: प्रत्येक अक्षराला हात बदलला पाहिजे. आता शब्द चाळण्याआधी प्रत्ययच तपासले. ‘टीआयओएन’ बाद, कारण आय आणि ओ दोन्ही उजवीकडे. ‘नेस’, ‘ली’ आणि ‘इंग’ही याच रीतीने बाद. टिकले ते ‘मेंट’, ‘इसिटी’ आणि ‘इझम’. मग फक्त या तीन शेपटांचे शब्द काढले आणि अर्ध्या तासात बारा अक्षरांचा ऑथेंटिसिटी, तेरा अक्षरांचे न्यूरोटॉक्सिसिटी आणि डिसमँटलमेंट हाती आले. (मराठीत ही अट फारशी अवघड नाही: भारतीय लिप्यांसाठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत, त्यामुळे ‘रातोरात’ किंवा ‘दारोदारी’ लिहिताना हात आपोआप बदलत राहतात. म, न, व मात्र डावीकडे असल्याने घोळ करतात.)

‘इझम’च्या शेपटाने चौदा अक्षरांचा ‘अँटिस्केप्टिसिझम’ दिला, पण तो अमेरिकन स्पेलिंगनेच चालतो. ब्रिटिश पद्धतीने के च्या जागी सी लिहिला, तर एस आणि सी लागोपाठ डाव्या हातालाच येतात आणि शब्द मधोमध मोडतो. दोन्ही स्पेलिंगे ग्राह्य धरायची की एकच, हे अजून ठरवलेले नाही. तोपर्यंत वहीत तो पेन्सिलीने लिहून ठेवला आहे.