पुडा, पुउ, माडा, माउ

रविवारी दुपारी छत्री आणायला म्हणून खाली पार्किंगमध्ये गेले, छत्री गाडीत राहिली होती, आणि वाकले तेव्हा सहज पुढच्या टायरवर हात पडला. गुळगुळीत. म्हणजे अगदी टक्कल नाही, पण कपाळ मोठं व्हायला लागलंय असं. मग मागच्यावर हात फिरवला तर त्याच्या खाचांत अजून नख जात होतं, कुठल्या तरी पावसाळ्यातली एक खडीपण अडकून बसलेली. म्हटलं, दहा हजार किलोमीटर कधीच उलटले, टायर फिरवायचे राहिले, म्हणजे पुढचे मागे आणि मागचे पुढे.

हे काम दरवेळी टायरवाल्याकडेच होतं. अलाइनमेंट-बॅलन्सिंग-रोटेशन असं तो एका श्वासात म्हणतो आणि आपणही एका श्वासात हो म्हणतो. पण मागच्या वेळी मला काय सुचलं कोण जाणे, जायच्या आधी पुढच्या डाव्या टायरला आतल्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका लावला. मरून. बिलावर रोटेशन लिहिलेलं, पैसे दिलेले, आणि घरी येऊन बघते तर मरून ठिपका पुढे डावीकडेच, जसाच्या तसा. भांडायला परत गेले नाही. संध्याकाळी घोडबंदर रोडला यू-टर्न घेऊन परत जायचं म्हणजे पोचेपर्यंत राग विझतो.

तर म्हटलं आपणच करू. नवरा झोपलेला, आमरसानंतरची झोप ती, भूकंपानेसुद्धा मोडत नाही. चिरंजीव, वय वर्षं अकरा, मोबाईल काढून घेतल्यामुळे मोकळे होते, त्यांना खाली घेतलं. सोबत एक आमटीची वाटी, नट ठेवायला.

आधी खडूने टायरांवर नावं लिहिली, नाहीतर कुठला कुठून काढला ते पाच मिनिटांत विसरते मी. पुढचा डावा पुडा, पुढचा उजवा पुउ, मागचा डावा माडा, मागचा उजवा माउ. माउवर चिरंजीवांनी लगेच मिशा काढल्या.

आमची गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते, त्यामुळे पुढच्या दोघांचं नशीबच तसं. इंजिनाचं वजन त्यांच्यावर, ओढायचं त्यांनी, वळायचं त्यांनी, ब्रेक मारला की सगळी गाडी झुकते ती पण त्यांच्याच अंगावर, आणि कापूरबावडीपासून गायमुखपर्यंत दुसरं करतो काय आपण, ब्रेकच मारतो. मागचे दोघं नुसते मागून येतात. लग्नघरात असतात ना असे काही जण, तसे. म्हणून पुढचे सरळ मागे न्यायचे आणि मागचे पुढे आणताना बाजू बदलायची, माडा उजवीकडे, माउ डावीकडे. टायरच्या अंगावर फिरण्याच्या दिशेचा बाण असला तर मात्र बाजू बदलायची नाही, मग त्याच बाजूला पुढचा मागे, मागचा पुढे. आमच्याला बाण नव्हता, मी टॉर्च लावून चारही बघितले.

शाळेत आमची बाकं अशीच सरकायची, दर सोमवारी शेवटचं बाक पहिलं. कुणाला खिडकी कायमची मिळायची नाही आणि कुणाला फळ्याखालची खडूची धूळपण कायमची नाही. जॅक फिरवता फिरवता यावरून मला काहीतरी बरं सुचलं होतं, घर, नोकरी, वाट्याला आलेली जागा असं काहीतरी, पण तेवढ्यात जॅक तिरका झाला आणि ते गेलं ते गेलंच.

जॅक एकच. मग चार टायर अदलाबदल कसे करणार, एक काढून ठेवला तर तिथे गाडी उभी कशावर राहणार? इथे स्टेपनी कामाला येते. पुडाच्या जागी स्टेपनी, पुडा मागे माडाच्या जागी, माडा पुउच्या जागी, पुउ माउच्या जागी, आणि शेवटी माउ परत पहिल्या जागी येऊन स्टेपनी मोकळी. चार चाकांसाठी पाच वेळा जॅक. कागदावर हे मी तीन वेळा मांडून बघितलं, साबुदाणा भिजवायच्या वाटीला टायर मानून.

स्टेपनी बाहेर काढली तर तिच्यात हवा अगदीच बेताची. कोण भरणार, तिची आठवण येते कधी? वेल्समध्ये लानेली म्हणून गाव आहे, तिथल्या डेव्हिस भावांनी १९०४ मध्ये जास्तीचं चाक विकायला काढलं, कारण तोवर गाड्यांसोबत असं चाक यायचंच नाही. त्यांचं दुकान होतं स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून चाकाचं नाव स्टेपनी. तिकडचे लोक हा शब्द कधीच विसरले, आपण मात्र अजून वापरतो, ब्राझीलमध्ये त्याचंच एस्तेपी झालंय. गल्लीचं नाव ठाण्यापर्यंत आलं आणि त्यात हवा भरायला कुणाला वेळ नाही.

पहिली चूक मी लगेच केली. गाडी आधी उचलली आणि मग नट सोडवायला गेले. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लागतो फक्त मागच्या चाकांना, त्यामुळे पान्याने नट फिरवला की पुढचं चाकच माझ्याबरोबर गरागरा फिरायला लागलं. पहिल्या मजल्यावरचे काका गॅलरीतून बघत होते, ते म्हणाले, "अगं, खाली उतरव. जमिनीवर असताना नट ढिले करायचे, मग उचलायची. आणि गिअरमध्ये टाक." खाली उतरवली, पहिला गिअर टाकला, तिरक्या बाजूच्या चाकाला वीट लावली. काका पुढे म्हणाले, "मिस्टर नाहीत का घरी?" म्हटलं, आहेत, झोपलेत. यावर त्यांना काही बोलता येईना.

नट हलेनात. मशीनने आवळलेले, माझ्या मनगटाला कुठे दाद देणार? शेवटी पान्याच्या दांड्यावर उभी राहिले, गाडीचा टप धरून, पूर्ण वजनानिशी. कर्रर्र करून एक नट सैल झाला तेव्हा इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. वजन वाढलंय याचं वाईट न वाटलेली गेल्या दहा वर्षांतली ती एकच वेळ.

बाबांची चेतक अशीच आडवी पडलेली असायची. नौपाड्यात, आमच्या चाळीच्या अंगणात, गोणपाटावर. नंबर लावून किती वर्षांनी मिळालेली स्कूटर, तिला बाबा पंक्चरवाल्याच्या हातीसुद्धा देत नसत. पुढचं चाक, मागचं चाक, स्टेपनी, तिन्ही एकाच मापाची, त्यामुळे बाबा त्यांची सतत अदलाबदल करायचे, ह्याला आता विश्रांती दे, त्याला पुढे घे, जसे ते वाण्याच्या दुकानातले कामगार असावेत. बादलीत ट्यूब बुडवून बुडबुडे शोधायचं काम बाबांचं. पाना दादाकडे. आणि मी नट धरायचे, पोळ्यांच्या डब्याच्या झाकणात. ग्रीसने काळे झालेले, उन्हाने गरम. दर पाच मिनिटांनी बाबा मान वर न करता विचारायचे, "किती आहेत?" मी मोजून सांगायचे. पुढे पुढे मोजावंही लागेना, झाकण किती जड लागतंय त्यावरून कळायचं. एकदा एक नट घरंगळत गटाराच्या जाळीतून खाली गेला. बाबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. दादाने पान्याने जाळी ठोकून बघितली आणि माझ्याकडे बघून मान हलवली, जसा तो स्वतः मेकॅनिक म्हणूनच जन्माला आला होता. तो आज बँकेत आहे आणि पंक्चर झालं की रस्त्यावर उभा राहून मला फोन करतो.

असो. चाक निघेना, हे पुढचं. चारही नट हातात आले तरी चाक आपल्या जागी घट्ट, रिम गंजून हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, चिकटलेली. आधी स्टेपनी गाडीखाली दाराच्या कडेला आडवी सरकवली, जॅक सटकलाच तर गाडी तिच्यावर बसावी, कुणाच्या पायावर नको. मग जमिनीवर बसून टाचेने दोन लाथा घातल्या, एकदा इकडून एकदा तिकडून. निघालं. त्यानंतरची तीन चाकं त्यामानाने शहाणी निघाली, त्यांचं सांगण्यासारखं काही नाही. फक्त आवळताना ओळीने आवळायचं नाही, एक झाला की त्याच्या समोरचा, नाहीतर चाक तिरकं बसतं. आणि हाताने आधी बसवायचा, थेट पाना लावला की आटे जातात.

दीड तास लागला. टायरवाला पंधरा मिनिटांत करतो. (किंवा करतच नाही.) साडीचा पदर खोचून केलं असतं तर फोटो तरी चांगला आला असता, मी आपली नवऱ्याच्या जुन्या ट्रॅकपँटमध्ये. मधे मधे मी विचारत होते, "किती आहेत रे?" आणि चिरंजीव "चार" म्हणत होते, वाटी दोन्ही हातांनी धरून. एकही हरवला नाही. पुढे डावीकडे आता मिशीवाली माउ आहे आणि मरून ठिपका मागे गेलाय, स्वतःच्या डोळ्यांनी बघितला.

पाना डिकीत टाकला, हात रॉकेलने पुसले, रॉकेल आता मिळतं कुठे, शेजारच्यांकडे जुनी बाटली होती. लिफ्टमध्ये आरशात माझ्या गालावर ग्रीसचा पट्टा दिसला, मी तो पुसला नाही, नवऱ्याला दाखवायचा होता.

"मी दोनदा पाना मागितला," चिरंजीव म्हणाले. तक्रार म्हणून नाही, आपलं असंच, वाटीकडे बघत.

मला ऐकूच आलं नव्हतं.

पन्नासेक किलोमीटर चालली की नट एकदा परत आवळून बघायचेत. म्हणजे बुधवार-गुरुवार. तेव्हा देईन त्याला. बहुतेक.